जसंच्या तसं

“मी काय म्हणाले?” बायकोने विचारलं, आणि त्याने चहाचा कप खाली न ठेवता तिचं बोलणं घडाघडा म्हणून दाखवलं. शब्दाला शब्द. ती जिथे श्वास घ्यायला थांबली होती तिथे तोही थांबला, आणि तिने जिथे ‘म्हणजे’ दोनदा म्हटलं होतं तिथे त्यानेही दोनदा म्हटलं. हे त्या घरात रोजचं होतं. ती बोलायची, मध्येच तिला शंका यायची, ती विचारायची, तो म्हणून दाखवायचा, ती ‘हं’ म्हणायची आणि पुढच्या कामाला लागायची. आज ती कामाला लागली नाही. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “मग? तुमचं काय म्हणणं?” आता हे नवीनच होतं. आपलं कशावर काही म्हणणं असावं अशी अपेक्षा त्याच्याकडून कोणी कधी केली नव्हती, ऑफिसात तर मुळीच नाही. त्याने अनुभवाने सगळ्यात कमी नुकसान करणारा शब्द निवडला. “हो,” तो म्हणाला. “हो?” “हो.” ती त्याच्याकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मग म्हणाली, “बरं. मग ठरलं तर,” पर्स खांद्याला लावली आणि निघून गेली.

बसस्टॉपवर उभं असताना त्याला एकदम प्रश्न पडला. ठरलं म्हणजे काय ठरलं? त्याने मनात मागे जाऊन बघितलं, तर तिथे काहीच नव्हतं. ती काहीतरी म्हणाली होती, आपण ते आपल्याच तोंडाने परत म्हटलं होतं, त्याला हो म्हणालो होतो, दोनदा म्हणालो होतो, आणि आता डोक्यात बघावं तर पुसलेली पाटी. नाही म्हणायला बोलण्याची चाल आठवत होती. मधलं वाक्य लांब होतं, शेवटचं प्रश्नासारखं वर गेलं होतं. बोलताना ओठ मिटून उघडल्याचंही आठवत होतं, म्हणजे कुठेतरी ‘प’ किंवा ‘ब’ होता. पण ‘प’वर माणूस काय काय ठरवू शकतो? पंखा, पडदे, पुतण्याचं लग्न, पोटाचं ऑपरेशन. आणि ‘ब’ घेतला तर बहीण, बदली, बाथरूम, शिवाय बायको. बस आली, भरली, गेली. तो तिथेच उभा राहून ओठ मिटत-उघडत होता. शेजारच्या बाईंनी आपली पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि दोन पावलं सरकल्या.

त्याला ऑफिसात टेप म्हणत. तो नगरसभेचा लघुलेखक होता. सभासद बोलायचे, त्याची पेन्सिल चालायची, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं बोलणं, त्यातल्या खोकल्यांसकट म्हणा हवं तर, टाइप होऊन बांधलं जायचं. अशी जात आता संपत आली आहे, पण त्या सभागृहातली ध्वनिमुद्रणाची यंत्रं सभासदांनी एकदा एकमेकांना फेकून मारली होती, तेव्हापासून टेपला मरण नव्हतं. त्याचं कसब मोठं होतं आणि त्याचं गुपित साधं होतं: तो ऐकत नसे. तरुणपणी लघुलेखनाच्या वर्गात त्यांचे मास्तर बाकांमधून फिरत सांगायचे, “अर्थाच्या मागे लागू नका रे. अर्थ लागला की हात अडतो. कान ते बोट असा सरळ रस्ता ठेवा, मध्ये डोकं आणू नका.” बाकीच्या पोरांना हे जन्मात जमलं नाही. टेपला शिकावंच लागलं नाही. त्याचा पिंडच तसा. लहानपणी आई त्याला शेजारी निरोप घेऊन पाठवायची, कारण निरोप बदलायचा नाही. एकदा तिने सांगितलं, “त्यांना म्हणावं आमची शिडी आता आम्हाला लागणार आहे,” आणि तो दाराबाहेर पडता पडता स्वतःशीच पुटपुटली, “नेताना गोड बोलते मेली, परत द्यायचं नाव नाही.” त्याने दोन्ही वाक्यं नेऊन पोचवली, आईच्या आवाजासकट. शिडी त्याच पावली परत आली. दोन्ही घरांचं बोलणं मात्र वर्षभर बंद होतं, आणि आई कपाळावर हात मारून म्हणाली होती, “अरे, सांगताना तुला काहीच वाटलं नाही का?” खरंच काही वाटलं नव्हतं. शब्द एका कानाने आत यायचे आणि तोंडाने नाहीतर बोटाने बाहेर पडायचे, आणि मधला माणूस तेवढ्यात कुठेतरी फिरून यायचा. सभागृहात पाण्याच्या नळांवर दिवसभर भांडण चालायचं तेव्हा टेप मनाने डोंगरावर एक छोटं घर बांधत असायचा. त्या घराची कौलंसुद्धा बसवून झाली होती. सभा तहकूब झाली की तो डोंगरावरून उतरायचा आणि वही मिटायचा.

हेच कसब घेऊन तो संसारात उतरला आणि तिथे त्याचं सोनं झालं. बायकोच्या माहेरी तो ऐकणारा नवरा म्हणून प्रसिद्ध होता. मेहुणी आपल्या नवऱ्यासमोर मुद्दाम म्हणायची, “भाऊजींना बघा. कधीही विचारा, मागचं सगळं तोंडपाठ. नाहीतर आमच्याकडे भिंतीशी बोललेलं बरं.” यावर टेप नम्रपणे हसायचा. आणि म्हणूनच आता बायकोला सरळ जाऊन विचारता येत नव्हतं. ‘अगं, त्या दिवशी काय म्हणालीस ते मी ऐकलंच नाही,’ एवढं एक वाक्य बोलायचं म्हणजे त्याच्यामागून आजवरची सगळी वाक्यं बाहेर येणार, आणि मग ती कुठवर मागे जातील याचा नेम नाही. त्याने आडून आडून चौकशी करून बघितली.

“त्याचं काय झालं?” त्याने जेवताना विचारलं.

“कशाचं?”

“ते आपलं. ठरलं होतं ते.”

“चाललंय.”

“ठीक चाललंय ना?”

“ठीक म्हणजे काय, होईल तसं होईल. तुम्ही हो म्हणालात ना?”

“हो, मी हो म्हणालो.”

“मग झालं तर,” ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. आपण एखाद्या गोष्टीला हो म्हणून बसलोय आणि ती गोष्ट चाललीय, आपल्याला न विचारता, आपल्याच परवानगीने, घरातल्या घरात. एकच उपाय होता. तिने पुन्हा कधी तो विषय काढला, तर त्या वेळी आपण तिथे हजर असलं पाहिजे. पण हजर राहायचं कसं, हे त्याला ह्या वयात कोण शिकवणार?

नेमका त्याच आठवड्यात ऑफिसात फलक लागला. योगाभ्यासाने सजगता वाढते का आणि कामात डोकं जास्त चालतं का, हे तपासायला एक संशोधक बाई येणार होत्या. रोज सकाळी समितीच्या खोलीत योगाचा वर्ग, सुरुवातीला एक चाचणी, शेवटी एक. नाव द्यायला कोणी पुढे येईना, कारण आपलं डोकं चालत नाही हे कागदावर यावं असं कोणाला वाटेल? टेपने पहिलं नाव दिलं. सगळ्यांना आश्चर्य वाटलं. मुख्य लघुलेखक तर म्हणाले, “तुम्हाला कशाला? तुमचं तर मशिन आहे.”

संशोधक बाई वयाने लहान होती, पण चेहरा परीक्षकाचा. ती आकड्यांची रांग म्हणायची आणि समोरच्याने ती परत म्हणायची, अशी ती चाचणी. वसुलीवाले साहेब सहाव्या आकड्यालाच घामाघूम झाले होते. टेप खुर्चीत बसला आणि रांगा परत करू लागला. तिने रांग वाढवली, त्याने परत केली. तिच्या छापील कागदावरच्या रांगा संपल्या. मग तिने स्वतःचा फोन नंबर आणि भावाचा फोन नंबर जोडून म्हटला. टेपने तोही परत केला आणि खिडकीबाहेर बघत बसला. बाई थक्क. असला माणूस मिळाला म्हणजे शोधनिबंधाचं कल्याणच. ती आनंदाने म्हणाली, “आता फक्त एवढंच सांगा, या रांगेत सगळ्यात मोठा आकडा कुठला होता?”

“कुठल्या रांगेत?” टेप म्हणाला.

तिने पेन खाली ठेवलं. “काका, तुम्ही ऐकत नाही. तुम्ही नुसतं पोचवता.” ती हे अगदी सहज म्हणाली, रागाने नाही की काही नाही. आणि टेपला भर ऑफिसात कोणीतरी कपडे उतरवल्यासारखं वाटलं.

योगाच्या बाई पूर्वी पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक होत्या, त्यामुळे ‘हळूच श्वास सोडा’ हेही त्या पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशा बेताने सांगायच्या. समितीच्या खोलीतल्या खुर्च्या एकावर एक रचून भिंतीला लावलेल्या, सतरंज्यांना जुन्या फायलींचा वास, आणि त्यावर नगरसभेचे कर्मचारी एका पायावर उभे. वृक्षासनात वसुलीवाले साहेब रोज आरोग्यखात्याच्या अंगावर पडायचे. टेपला सगळी आसनं चटकन जमली, कारण बाई सांगतील ते त्याचं अंग शब्दशः करायचं आणि तो स्वतः डोंगरावर असायचा. बाई खूश होत्या. पण शवासनात घोटाळा झाला. सगळे डोळे मिटून पडलेले, वसुलीवाले साहेब घोरतायत, बाई फिरता फिरता सांगतायत, “विचार आले तर येऊ द्या, त्यांच्याकडे नुसतं बघा,” आणि टेपच्या उजव्या हाताचं बोट मांडीवर सरासरा चाललंय. बाई थांबल्या. त्यांनी दोन वाक्यं बोलून बघितली, बोट धावलं. गप्प बसल्या, बोट थांबलं. “हे काय चाललंय?” त्यांनी विचारलं. “सवय,” टेप डोळे मिटूनच म्हणाला. “म्हणजे मी इथे घसा कोरडा करतेय आणि तुम्ही ते मांडीवर उतरवून मोकळे होताय?” त्यांनी त्याचा हात उचलून पालथा घातला आणि त्यावर वाळूची जड पिशवी ठेवली.

आता आली पंचाईत. शब्द कानातून आत आले आणि पुढे रस्ता बंद. “खांदे सैल सोडा,” बाई म्हणाल्या, आणि ते वाक्य त्याच्या आत येऊन उभंच राहिलं, दाराशी आलेल्या पाहुण्यासारखं, घर कुणाचं तेच विचारत. त्याला नाइलाजाने बघावं लागलं. तर खांदे खरंच वर ओढलेले होते, बहुधा नोकरी लागल्यापासून. ते खाली आले तेव्हा त्याला मानेला लांबी आहे हे कळलं. “श्वास आत येतोय, बाहेर जातोय,” बाई म्हणाल्या. खरंच की, त्याला वाटलं. त्याला एकदम रडू आलं, म्हणजे फार नाही, पण कानाच्या पाळीपर्यंत ओघळ गेला आणि तिथे गार लागला. कशाचं रडू ते कळेना. आई म्हणाली होती, तुला काहीच वाटलं नाही का? वाटतंय ना, त्याला म्हणावंसं वाटलं, आता वाटतंय, तू एवढी वर्षं थांबायला हवं होतंस.

त्या दिवसापासून टेप ऐकू लागला. सुरुवातीला मजाच वाटली. जिना चढताना कुठली पायरी करकरते ते कळलं, बसचा कंडक्टर तोतरा आहे हे कळलं. एका सकाळी तो चहा प्यायला आणि दचकून म्हणाला, “यात साखर नाही.”

“तीन वर्षं नाही,” बायको म्हणाली. “सांगितलं होतं. तुम्ही म्हणूनसुद्धा दाखवलं होतंत.”

पण कामाचे मात्र बारा वाजले. सभागृहात एक म्हातारे सभासद दर सभेत उठून आपल्या गल्लीतल्या बंद दिव्यावर बोलायचे. टेपने ते भाषण इतक्या वेळा उतरवलं होतं की झोपेतही लिहिलं असतं. या वेळी ते उठले, बोलू लागले, आणि टेपला ऐकू आलं की दिवा त्यांच्या घरासमोरचा आहे आणि अंधारात त्यांच्या बायकोला जिन्याची कड दिसत नाही, ती एकदा पडली आहे. एवढं आत शिरलं आणि हात अडला. मास्तर म्हणाले होते तस्साच अडला. दिवा का लागत नाही? कोणी बघत कसं नाही? टेप मान वर करून म्हाताऱ्याकडे बघत राहिला, आणि म्हाताऱ्यालाही इतक्या वर्षांत सभागृहात पहिल्यांदा कोणीतरी बघतंय म्हटल्यावर जोर चढला, तो बोलतच सुटला. संध्याकाळी मुख्य लघुलेखकांनी वही पुढे सरकवली. “हे काय? इथे अर्धं पान कोरं?”

“मी ऐकत होतो.”

“तुम्हाला ऐकायचा पगार मिळतो का?”

पुढच्या आठवड्यात त्याला लघुलेखनावरून काढून सारांशाच्या टेबलावर बसवलं. हा ऑफिसातला अडगळीचा कोपरा. तिथे त्याला एका तासभराच्या भाषणाचा सारांश करायला दिला, तर त्याने प्रामाणिकपणे पूर्ण भाषण वाचून खाली लिहिलं, ‘सदस्यांना बोलायचे होते.’ मुख्य म्हणाले, बरोबर आहे, पण असं चालत नाही.

हेही त्याने सोसलं असतं. नोकरीचं काय, ती ढकलता येते. पण ज्यासाठी एवढा खटाटोप केला त्या घरातच उलटं झालं. तो आता बायको बोलायला लागली की हातातलं ठेवायचा, तिच्याकडे तोंड करून बसायचा, खांदे सैल सोडायचा आणि ऐकायचा. पहिल्या दिवशी ती दुकानदाराचं काहीतरी सांगत होती, ती मध्येच थांबली. “काय झालं?”

“काही नाही. तू बोल ना.”

“असे डोळे फाडून काय बघताय? माझ्या नाकाला काही लागलंय का?”

“नाही. मी ऐकतोय.”

“ते माहिती आहे हो. पण असं का ऐकताय?” ती म्हणाली, आणि दुकानदाराचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी तिने आधीच विचारलं, डॉक्टरांनी काही सांगितलंय का, लपवू नका. तिसऱ्या दिवशी ती गप्प होती. मग गप्पच राहू लागली. बोलायचं झालं तर ती फोन घेऊन गच्चीत जायची आणि बहिणीशी बोलायची, दार ओढून घेऊन. घरात आजवर टेप नव्हता तेव्हा तिचा आवाज भरून होता, आणि आता तो आहे तर घड्याळाची टिकटिक. त्याला स्वतःचाच राग आला. आयुष्यभर पंगत वाढलेली होती आणि हा बाहेर फिरत होता, आता पान मांडून बसलाय तर वाढपी गेले. तो दाराला कान लावून उभा राहायचा, पण दार जाड होतं. एका रविवारी माळ्यावरची मोठी बॅग खाली आली आणि उन्हात उघडी पडली. तिच्यात बायकोचे गरम कपडे गेले, मग चष्म्याची जादा जोडी, मग ती रंगाच्या कारखान्यात वापरायची ते पांढरे कोट. ती तिथे शेड, म्हणजे रंगांच्या छटा, जुळवायच्या कामावर होती, एवढं टेपला नक्की माहीत होतं. बॅगेकडे बघताना त्याला उमगलं. ‘ब’ बायकोचाच होता. ती चालली होती, आणि तो त्याला हो म्हणाला होता, दोनदा.

आठवडाभराने शेवटची चाचणी झाली. संशोधक बाईने रांग म्हटली. टेपने सुरुवात केली, सात आला, आणि सात म्हटल्यावर त्याला त्यांचं पहिलं भाड्याचं घर आठवलं, सात नंबरची खोली, तिथे लग्नानंतर आल्या आल्या बायकोने भिंतीला स्वतः रंग दिला होता आणि रंग देताना ती सारखी काहीतरी सांगत होती. काय सांगत होती? “पुढे?” बाई म्हणाली. पुढे काही नव्हतं. वसुलीवाले साहेब नऊ आकड्यांपर्यंत पोचले होते, आरोग्यखातं दहापर्यंत, सगळ्या ऑफिसाचं डोकं योगाने सुधारलं होतं, एकटा टेप सातावर बसला. “पण सगळ्यात मोठा आकडा सांगू शकतो,” तो म्हणाला, “नऊ.”

“सगळ्यांचा नऊच असतो, काका,” ती दमून म्हणाली. “तुमच्यामुळे माझा आलेख बिघडतोय. तुम्हाला वगळावं लागेल.” मग म्हणाली, “बरे आहात ना?” टेपला तिच्या आवाजातली काळजी ऐकू आली, हीच तर अडचण होती, आता सगळंच ऐकू यायचं.

घरी येताना त्याने ठरवलं. ऐकायचं असेल तर ऐकताना दिसता कामा नये. संध्याकाळी बायको खोलीत कपड्यांचा ढीग घेऊन बसली होती. टेपने सारांशाचे कागद मांडीवर घेतले, पाठ अर्धी तिच्याकडे केली, खांदे मुद्दाम वर ओढले आणि पेन्सिल चालवू लागला. नुसत्या रेघोट्या. चेहरा त्याने सभागृहातला लावला. बराच वेळ काही झालं नाही. मग तिने एक कोट झटकला आणि आपल्याशीच म्हणावं तशी म्हणाली, “झालं बाई एकदाचं पूर्ववत.” आणि जी सुटली ती सुटलीच. नव्या कारखान्यात तिला शेडची खोली स्वतः लावायची होती, खिडकी उत्तरेलाच हवी असं तिने भांडून घेतलं होतं, ऊन आत आलं की पांढरा पांढरा राहत नाही, आणि पांढराच जुळवायला सगळ्यात कठीण, बाकीच्यांना वाटतं पांढरा म्हणजे काय, पांढरा. दोन वर्षांचा प्रश्न. बदली म्हणजे काही जगाच्या पाठीवर नाही, पण रोज येण्याजाण्यासारखं गावही नाही. “आणि ह्यांना विचारलं,” ती म्हणाली, “बदली मागितली आहे, नको म्हणत असाल तर सांगा, दोन वर्षं जाऊ का, तर सगळं म्हणून दाखवलं आणि म्हणे हो. अहो, हो म्हणजे जा की हो म्हणजे नको? मला काय हे आज कळतंय? लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. बोलता बोलता मी मुद्दाम मध्येच म्हणाले होते, खालच्या घराला आग लागली आहे. तर तेही म्हणून दाखवलं, आणि चहा पीत बसले. हसून हसून पोट दुखलं माझं. मग म्हटलं, जाऊ दे, बरंच आहे. काहीही बोलावं, उलट उत्तर नाही. अर्ध्या गोष्टी तर मी बहिणीलासुद्धा सांगितल्या नाहीत. आता हे हल्ली बघत बसायला लागले, तर बोलायची चोरी. आज जरा बरे दिसतायत.”

टेपची पेन्सिल थांबली होती. त्याला कळत होतं की थांबली आहे आणि ती चालवायला हवी, पण हात अडला होता. त्याला तिची सगळी वर्षं एकदम ऐकायची होती आणि ती कुठेही लिहिलेली नव्हती. त्याने जन्मात जे कधी केलं नव्हतं ते केलं, चालू वाक्यात तोंड घातलं.

“पांढरा जुळवायला कठीण का?”

ती थबकली. कोट हातातच राहिला. कितीतरी वेळ ती त्याच्याकडे बघत होती, आणि तो तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता. “तुम्ही ऐकत होतात,” ती म्हणाली.

“हो. म्हणजे आज. त्या दिवशी नाही.”

“ते माहिती आहे.”

“मी न ऐकता हो म्हणालो. ते हो धरू नकोस. मी आता सांगतो, तू कळवायच्या आधी—”

“कळवलं कधीच,” ती म्हणाली. “तुम्हाला विचारलं त्याच्या आदल्या दिवशीच कळवलं होतं. जाणारच होते मी. तुमच्या हो-नाहीवर बसले असते तर झालंच कल्याण.”

टेप उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. कागद खाली घसरले. महिनोन्महिने ज्या एका शब्दाने त्याची झोप उडवली होती, त्या शब्दाला इथे कोणी विचारतच नव्हतं. “मग विचारलंस कशाला?”

तिने कोट मांडीवर घेतला आणि त्याची बटणं लावत बसली, खालपासून वर. मग म्हणाली, “नको म्हणाल म्हणून. माणूस एवढं घर सोडून निघालं, तर कोणीतरी एकदा तरी नको म्हणावं की नाही?”

कोणाचं तरी बोलणं पोचवायचं असतं तर टेपला काहीच वाटलं नसतं. पण हे कोणी सांगितलेलं नव्हतं, हे त्याला स्वतःला काढून द्यायचं होतं, आणि ते त्याच्याजवळ होतं, केव्हापासून होतं कोण जाणे.

“नको जाऊस,” तो म्हणाला. आवाज भलताच निघाला, घोगरा. “मला नाही चालणार. घर खायला उठेल. मला तू इथे हवी आहेस.”

“जाणार,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

“नको ना.”

“जाणारच. पगार वाढवून देतायत, खिडकी उत्तरेची देतायत, का म्हणून नाही जायचं?”

“खिडकी आपण इथे पाडून घेऊ उत्तरेला.”

“तिकडे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर आहे,” ती म्हणाली, आणि ढिगातले गरम कपडे उचलून तिने त्याच्या हातात दिले. तो खाली बसला आणि ‘नको जाऊस’ म्हणत एकेकाची घडी घालू लागला. त्याला घडी नीट येत नव्हती. ती त्याची घडी उलगडून पुन्हा घालत होती, बॅगेत ठेवत होती आणि म्हणत होती, बोला, अजून बोला, मी ऐकतेय.